तीन टकटक: विमानाची जोडणी शोधून काढणाऱ्यांना खुले पत्र

विमानाचे सांगाडे बांधण्याची आणि जोडण्याची नवी यंत्रं शोधणारे अभियंते, त्या शोधांची पेटंटं लिहिणारे, आणि ते शोध कारखान्यात आणायला सही करणारे प्रमुख, या सगळ्यांना

सप्रेम नमस्कार.

मी फिटर आहे. गेली २७ वर्षं विमानाच्या पंखांना आणि धडाला रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्या, मारते आहे. गनच्या बाजूला कमी, बारच्या बाजूला जास्त. ज्यांनी हे काम कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. बाहेर उभा असलेला गनवाला रिव्हेटच्या डोक्यावर हवेची गन टेकवतो. आत, पत्र्याच्या मागे, बारवाली पोलादाचा ठोकळा, म्हणजे बार, रिव्हेटच्या शेपटीला घट्ट लावून बसते. गन चालली की शेपटी ठोकळ्यावर चेपते आणि पत्रे एकमेकांना धरतात. दोघांच्या मधे पत्रा असतो, तोंड दिसत नाही आणि आवाजात काही ऐकू येत नाही. म्हणून बारने पत्र्यावर टकटक करायची. एक टक म्हणजे अजून मार. दोन म्हणजे बसला, पुढे चल. तीन म्हणजे बिघडला, काढून टाक.

हे पत्र म्हणजे तीन टकटक समजा.

आमच्याकडे मागच्या महिन्यात एक नोटीस लागली. जोडणीची कुठलीही नवी पद्धत लाइनवर येण्याआधी आम्ही ती सरावाच्या सांगाड्यावर करून बघायचो. हा सांगाडा म्हणजे खऱ्या मापाचा, खऱ्या पत्र्याचा, पण कधीही न उडणारा पंखाचा एक तुकडा. नवं ड्रिलचं यंत्र असो, नवा बोल्ट असो की फटी बंद करणारं नवं सीलंट, तीन आठवडे त्यावर आमचे हात चालायचे. मग आम्ही काय जमतं, काय जमत नाही ते लिहून द्यायचो आणि त्यानंतरच पद्धत पक्की व्हायची. नोटिशीप्रमाणे ही पायरी आता रद्द झाली आहे. सगळी जुळणी संगणकावर आधीच तपासली जाते, सबब सरावाच्या सांगाड्याची गरज उरलेली नाही, असं कारण दिलं आहे. जागाही लागणार आहे म्हणे.

नोटीस एका कारखान्यातली असली तरी तिच्यामागचा विचार तिथला एकट्याचा नाही. म्हणून हे पत्र उघडं लिहिते आहे. शोध कागदावर पूर्ण होतो आणि कारखान्यात नुसता लागू होतो, असं तुमच्यापैकी अनेकांना वाटतं. आम्हाला पंखाच्या पोटात बसून याच्या उलट दिसतं.

आधी एक गैरसमज काढून टाकते. यंत्रांवर माझा राग नाही. तुमच्या शोधांवर तर नाहीच. विमानाच्या पत्र्याचा मिश्रधातू, ड्युरालुमिन, नसतं तर मी आज काय करत असते कोण जाणे. आल्फ्रेड विल्म यांना १९०६ मध्ये दिसलं की तापवून विझवलेला अॅल्युमिनियमचा मिश्रधातू नुसता ठेवून दिला तरी दिवसागणिक कडक होत जातो. त्याच गुणामुळे आम्ही काही रिव्हेट फ्रीझरमध्ये ठेवायचो. बाहेर काढले की पंधरावीस मिनिटांत मारायचे, नाहीतर ते कडक होऊन मारताना चिरतात. नवीन असताना मी मूठभर काढून गप्पा मारत बसले होते. सगळे परत द्यावे लागले, वर बोलणी खाल्ली ती वेगळी.

क्लेको घ्या. स्प्रिंगची एवढीशी पिन, पत्रे तात्पुरते धरून ठेवायला. रंगावरून माप कळतं: १/८ इंचाला तांब्याचा, ५/३२ ला काळा. अंधारात, पालथं पडून, एका हाताने लावता येते आणि काढता येते. हाय-लॉक बोल्ट घ्या. त्याच्या कॉलरचा षटकोनी भाग ठरलेल्या पिळाला आपोआप तुटून पडतो, म्हणजे पाना बरोबर फिरला की नाही हा प्रश्नच मिटतो. भोकातून जाडसर मँड्रेल, म्हणजे पोलादी दांडा, ओढून भोकाच्या कडेचा धातू दाबून ठेवण्याची युक्ती तर मला अजून जादूसारखी वाटते. भोक जरासं फुगवलं की भोवतालचा धातू ते परत आवळायला बघतो, आणि त्या आवळण्यामुळे भेग पुढे सरकायला कचरते. ज्यांनी हे शोधलं ते कधीतरी पंखाच्या पोटात शिरले असावेत, किंवा निदान शिरणाऱ्यांशी बोलले तरी असावेत. मला म्हणायचं आहे ते एवढंच आहे. आता तक्रारी सांगते.

पहिली तक्रार मनगटाची. तुमच्या पडद्यावर हत्यार जागेत बसतं, आतला हातही बसतो. लहान माणसाचा, मोठ्या माणसाचा, सगळ्या मापांचा. पण त्या हातात हातमोजा नसतो, त्याला सीलंट लागलेलं नसतं, आणि चार तास वाकून बसल्यावर खांदा जिथे यायला नको तिथे तो येत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे पंखाच्या पेटीसाठी नवी रचना आली. पंखात शिरायच्या झडपेतून हात आत जात होता, हत्यारही जात होतं, दोन्ही मिळून जात नव्हतं. स्ट्रिंगरची, म्हणजे पत्र्याला आतून आधार देणाऱ्या लांब पट्टीची, कड मधे यायची आणि मनगट वळत नसे. अकरा रिव्हेटची एक ओळ अशी होती की बार सरळ धरताच येत नव्हता. बार तिरका धरला की शेपटी एका बाजूला कलंडते, आणि असा रिव्हेट काढून टाकावा लागतो. काढताना भोक मोठं होतं. मग पुढच्या मापाचा रिव्हेट. मग भोकाचं पत्र्याच्या कडेपासूनचं अंतर कमी पडतं. एका मनगटाची गोष्ट अशी वाढत वाढत डिझाइन विभागाच्या टेबलावर जाते.

माझ्यासोबतच्या एका जुन्या फिटरने टूल रूममधल्या भंगारातून पोलादाचा तुकडा घेतला, हंसाच्या मानेसारखा वाकवला, एका बाजूला तासला आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या अकरा रिव्हेट सरळ बसले. ही युक्ती कुठे सापडली? सरावाच्या सांगाड्यावर, दुसऱ्या आठवड्यात. तिथे नसती सापडली तर ती ओळ पहिल्या खऱ्या पंखावर बिघडली असती.

दुसऱ्या महायुद्धात विलो रन इथल्या फोर्डच्या कारखान्यात बी-२४ बॉम्बर तयार व्हायचे, तेव्हा पंखाच्या आतल्या अरुंद जागांसाठी मुद्दाम ठेंगण्या बांध्याची माणसं कामावर घेतली होती. रचना बदलण्यापेक्षा माणूस शोधणं सोपं पडलं. युद्ध होतं, समजू शकते. आज कसलं युद्ध आहे?

दुसरी तक्रार मोठी आहे आणि तिच्यावर मी जास्त वेळ घेणार आहे. शोध प्रयोगशाळेत खरा ठरतो तो प्रयोगशाळेच्या हवेत. कारखान्याची हवा वेगळी असते.

बोइंग ७३७ च्या सुरुवातीच्या विमानांमध्ये धडाचे पत्रे जिथे एकमेकांवर येतात त्या सांध्यांना रिव्हेटबरोबर गोंद लावायची पद्धत होती. इपॉक्सीत भिजवलेलं पातळ कापड दोन पत्र्यांमध्ये घालायचं, खोलीच्या तापमानाला ते घट्ट होऊ द्यायचं, आणि भार मुख्यतः गोंदाने उचलायचा. कल्पना सुंदर होती. गोंद भार सगळ्या पृष्ठभागावर पसरवतो, रिव्हेट तो भोकांच्या कडांवर आणतो. पण ते कापड थंडीत ठेवावं लागायचं. थंडीतून बाहेर काढलेल्या वस्तूवर दव जमतं, हे फ्रीझरमधून रिव्हेट काढणाऱ्या कुणालाही माहीत असतं. दव जमलं, किंवा पत्रा नीट तयार केलेला नसला, की गोंद धरत नाही, आणि धरला नाही हे बाहेरून दिसत नाही. गोंद सुटला की त्याचा भार शेजारच्या रिव्हेटवर जातो. ते रिव्हेट सपाट डोक्याचे होते. त्यांच्यासाठी पातळ पत्र्यात खोलगट खाच पाडलेली, आणि खाचेची खालची कड सुरीच्या धारेइतकी पातळ. भेगेला याहून चांगली जागा नाही.

२८ एप्रिल १९८८ ला अलोहा एअरलाइन्सच्या ७३७ च्या धडाचा वरचा मोठा भाग उडत असताना निघून गेला. एक हवाई सेविका बाहेर फेकली गेली, ती सापडली नाही. त्या विमानाची ८९,६८० उड्डाणं झालेली होती. सांध्यावर एकेक भेग छोटी होती, पण अनेक भेगा एका ओळीत होत्या आणि त्या एकमेकींना भेटल्या. गोंदाची ती पद्धत कंपनीने या घटनेच्या कितीतरी आधी, पुढच्या विमानांसाठी बदललेली होती. म्हणजे कारखान्यात कुणाला तरी कळलेलं होतं. मला विचारायचं आहे ते हे: ते कळायला विमानं बनून बाहेर का जावी लागली? ज्या माणसाने रोज सकाळी ते कापड थंडीतून काढलं असेल, त्याला पहिल्या आठवड्यात कुणी विचारलं असतं की यात काय खटकतं, तर तो दवाबद्दल बोलला असता, असं मला वाटतं. माझ्याकडे पुरावा नाही. पण मी रिव्हेटचा फ्रीझर रोज उघडलेला आहे.

गोंदाची बाजू राहू नये म्हणून हेही सांगते की गोंद नीट जमला तर तो रिव्हेटला मागे टाकतो. नॉर्मन डी ब्रूइन यांनी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला रेडक्स काढला, धातूला धातू चिकटवणारा, आणि डी हॅविलंडने तो हॉर्नेट आणि डव्ह विमानांत वापरला. तिथे गोंदाबरोबर उष्णता, दाब आणि पत्र्याची तयारी हे सगळं पद्धतीचाच भाग होतं. त्याच डी हॅविलंडच्या कॉमेटमध्ये खिडक्यांभोवतीचे आधार मूळ आराखड्यातला गोंद न वापरता रिव्हेटने बसवले गेले, आणि भोकं ड्रिलऐवजी ठोकून पाडलेली होती. १९५४ मध्ये जानेवारीत आणि एप्रिलमध्ये दोन कॉमेट हवेत फुटले. समुद्रातून काढलेल्या तुकड्यांत एका विमानाची भेग छतावरच्या अँटेनाच्या खिडकीशी, भोकाच्या कडेपासून सुरू झालेली सापडली. ताण अपेक्षेपेक्षा जास्त होता, हे मुख्य कारण खरं. पण भेग सुरू झाली ती भोकाशीच. आमच्यासाठी भोक म्हणजे विमान. बाकी सगळं नुसता पत्रा.

तिसरी तक्रार फटींची. तुम्ही आता तुकडे इतके अचूक बनवता की पूर्ण मापाची भोकं आधीच पाडून आणता आणि म्हणता, भोकाला भोक लावा, तुकडा आपोआप जागेवर येईल. बऱ्याचदा येतोही, आणि ते बघून बरं वाटतं. पण ३० मीटरचा अॅल्युमिनियमचा भाग तापमान १० अंशांनी वाढलं की सुमारे ७ मिलिमीटर लांबतो. त्याला धरणारा पोलादी जिग त्याच्या निम्म्याएवढाच. कार्बन तंतूंचा पंख जवळजवळ लांबतच नाही. सकाळच्या शिफ्टला जुळलेलं भोक दुपारी अर्धचंद्र दाखवतं. मग काय करायचं? नियम सांगतो थांबा, मोजा, शिम, म्हणजे फट भरणारी पातळ पट्टी, घाला. वेळापत्रक सांगतं ओढून घ्या. क्लॅम्पने ओढला की पत्रा येतो. पण तो आवळलेला ताण विमान उडायच्या आधीपासूनच सांध्यात बसलेला असतो, आणि तो कुठल्याच कागदावर नसतो.

एअरबस ए३८० च्या पंखांमध्ये २०१२ च्या सुमारास भेगा सापडल्या त्या पत्रा आणि रिब, म्हणजे पंखाच्या आतली आडवी फासळी, यांना जोडणाऱ्या छोट्या एल आकाराच्या पायांमध्ये. निवडलेला मिश्रधातू आणि जोडताना आलेला ताण, दोन्ही कारणांत होते. बोइंग ७८७ च्या धडाच्या भागांमध्ये फट ०.००५ इंचापेक्षा, म्हणजे जवळपास एका केसाच्या जाडीपेक्षा, जास्त असेल तर शिम हवी असा नियम होता. ती सगळीकडे बरोबर भरली गेली नाही हे कळल्यावर २०२० नंतर बराच काळ नवी विमानं देणं थांबलं. लक्षात घ्या, तिथे फटी मोजण्याची आणि शिम बनवण्याची यंत्रं होती. चांगली होती. केसाएवढी फट बोटाला कळते म्हणून आम्ही फुशारकी मारतो, खरं तर नेहमी कळत नाही, मलाही नाही. म्हणून तर यंत्र हवं. पण यंत्राने मोजलेली फट आणि माणसाने ओढलेला क्लॅम्प यांची गाठ कुठे पडते, हे तुम्हाला सरावाच्या सांगाड्यावरच दिसेल. पडद्यावर कुणी क्लॅम्प ओढत नाही.

चौथी छोटी आहे. तुमची पद्धत म्हणते, पत्रे घट्ट दाबून एकदाच ड्रिल करायचे, मधे बर्र, म्हणजे भोकाच्या कडेला उरणारी धातूची कूस, येत नाही, म्हणून परत उघडून साफ करायची गरज नाही. यंत्र असं करतं आणि छान करतं, कारण त्याच्या दाबात जोर असतो. पण यंत्र पोचत नाही त्या कोपऱ्यांत हातानेच ड्रिल करावं लागतं, आणि तिथेही वेळ धरलेला असतो यंत्राचाच. उघडायचं, बर्र काढायची, परत बसवायचं, याला एकही मिनिट दिलेलं नसतं. सीलंट लावलेलं असेल तर त्याचे दोन तासही संपत असतात. पुढे काय होतं ते मी इथे लिहिणार नाही. तुम्ही ओळखाल.

पाचवी तक्रार मला सगळ्यात जास्त बोचते. तुमचे शोध जोडण्याचे असतात. उघडण्याचे जवळजवळ नसतात.

विमान काही एकदाच जोडलं जात नाही. ते वीस-तीस वर्षं उघडलं आणि मिटलं जातं, दुसऱ्या देशात, दुसऱ्या माणसांच्या हातून, तुमचं यंत्र नसलेल्या शेडमध्ये. जपान एअरलाइन्सच्या ७४७ ची शेपटी १९७८ मध्ये उतरताना धावपट्टीवर घासली. मागच्या दाबाच्या भिंतीची दुरुस्ती करताना एक अखंड जोडपट्टी लावायची होती, ती दोन तुकड्यांत लावली गेली. त्यामुळे जो भार रिव्हेटच्या दोन ओळींनी उचलायचा तो एकाच ओळीवर आला. बाहेरून सांधा ठीक दिसायचा. सात वर्षांनी, १२ ऑगस्ट १९८५ ला, ती भिंत फुटली, शेपटी गेली, ५२० माणसं गेली. पट्टी का कापली गेली यावर लोक बरंच काही बोलतात. मला ते कापणारे हात डोळ्यांसमोर येतात. अखंड पट्टी तिथे बसवायला किती कठीण होती, हे रचना ठरवताना कुणी हाताने करून पाहिलं होतं का?

अलीकडचंच घ्या. ५ जानेवारी २०२४ ला अलास्का एअरलाइन्सच्या ७३७ मॅक्स ९ च्या धडातला दाराच्या जागेवरचा प्लग उडत असताना निघून गेला. त्याला धरणारे चार बोल्ट नव्हते. शेजारचे काही बिघडलेले रिव्हेट बदलण्यासाठी कारखान्यात प्लग उघडला गेला, मिटला गेला, आणि उघडल्याची रीतसर नोंद झाली नाही. रिव्हेट बरोबर बसले, बोल्ट राहिले. मिटवलेला प्लग बोल्टशिवायही जागेवर उभा राहतो आणि वर आतलं आवरण लागलं की काहीच दिसत नाही. बोल्ट नसताना प्लग नीट मिटूच नये अशी रचना असती, तर कागद राहून गेला तरी विमान शेडमधून निघालं नसतं. ही अशी गोष्ट उघडमीट करणाऱ्याला आठव्या वेळी सुचते. पहिल्यांदा जोडणाऱ्याला सुचत नाही.

आता थर्मोप्लास्टिकचे, म्हणजे तापवल्यावर मऊ होणाऱ्या प्लास्टिकचे, धड वेल्डिंगने जोडण्याचे प्रयोग चालू आहेत. युरोपात ८ मीटर लांब आणि ४ मीटर व्यासाचा एक तुकडा असा जोडून दाखवला आहे. भोकं कमी, ड्रिलची धूळ कमी. मला हे मनापासून आवडलं. पण वेल्ड झालेला सांधा दहा वर्षांनी गाडीची शिडी आदळून दबला, तर तो कोण, कशाने, कुठल्या शेडमध्ये उघडेल? याचं उत्तर शोधाच्या आत हवं. नंतरच्या पुस्तिकेत नको.

सहावी शरीराची. थोडक्यात सांगते, कारण हे तुम्हाला माहीत आहे आणि तरी होतं. माझ्या उजव्या हाताची तीन बोटं थंडीत पांढरी पडतात. बारमधून येणारी कंपनं रक्तवाहिन्यांना हे करतात. युरोपच्या २००२ च्या निर्देशाप्रमाणे हाताला बसणाऱ्या कंपनांची आठ तासांची सरासरी २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग झाली की मालकाने उपाय करायचे आणि ५ च्या वर जाऊच द्यायचं नाही. कंपनं कमी करणाऱ्या गन आणि बार आहेत, एका धक्क्यात रिव्हेट बसवणारी विद्युतचुंबकीय यंत्रंही आहेत. ती सरळ, मोकळ्या पंखाला लागतात. वाकड्या, अडचणीच्या जागा जुन्या गनला राहतात. म्हणजे यंत्र सोपं काम घेऊन जातं आणि माझ्याकडे उरतं ते सगळं अवघड. दिवसभर फक्त अवघडच. क्रोमेटच्या प्रायमरची आणि कार्बनच्या ड्रिलिंगची धूळही अशाच कोपऱ्यात, जिथे शोषक नळी पोचत नाही.

आणि सातवी नावाची. तो हंसाच्या मानेचा बार आठवतो ना? काही महिन्यांनी तो एका पेटंटच्या चित्रात दिसला. वाक तोच, तासलेली बाजू तीच. वर्णन इतकं लांबलचक की ‘मर्यादित प्रवेश असलेल्या पोकळीत प्रतिक्रिया-बल पुरवणारे साधन’ म्हणजे आमचा बार, हे ओळखायला मला दोनदा वाचावं लागलं. शोधकांच्या यादीत चार नावं होती. ज्याने भंगारातून पोलाद उचललं त्याचं नव्हतं. मालकी कारखान्याची असावी, त्यावर वाद नाही, आमच्या करारातच ते आहे. पण औद्योगिक मालमत्तेविषयीच्या पॅरिस करारात शोधकाला पेटंटवर आपलं नाव येण्याचा हक्क दिलेला आहे, आणि अमेरिकेसारख्या देशात शोधकांची नावं चुकीची असतील तर पेटंटच धोक्यात येऊ शकतं. चूक मुद्दाम झाली असं मी म्हणत नाही. त्याला कुणी विचारलंच नाही, आणि त्यानेही कुणाला सांगितलं नाही, कारण आपण शोध लावला आहे हे त्याला माहीतच नव्हतं. तो निवृत्त झाला. राइट बंधूंच्या पहिल्या विमानाचं इंजिन त्यांच्या दुकानातल्या चार्ल्स टेलर या मेकॅनिकने सुमारे सहा आठवड्यांत बनवलं. टेलर यांच्या नावाने आज मेकॅनिकांना पुरस्कार देतात. तेवढं पुरस्काराचं नको, यादीत पाचवी ओळ हवी होती.

यावर तुमचं उत्तर मला माहीत आहे. तीन आठवडे म्हणजे खूप वेळ, संगणक हे काम रातोरात करतो. करतो. पण बोइंगने ७७७ च्या धडासाठी यंत्रमानव आणले, एक बाहेरून ड्रिल करून रिव्हेट घालणारा, दुसरा आतून बार धरणारा. म्हणजे अगदी आम्ही दोघं. जगातल्या उत्तम अभियंत्यांनी ती व्यवस्था उभी केली होती. दोघांचा ताळमेळ जमवता जमवता काही वर्षं गेली, अर्धवट राहिलेलं काम माणसांना हाताने पुरं करावं लागलं, आणि २०१९ मध्ये ती व्यवस्था सोडून दिली गेली. तिच्याऐवजी पट्ट्यावरून सरकत भोकं पाडणारी छोटी यंत्रं आली आणि रिव्हेट घालायला परत माणसं. मला यात आनंद नाही, कुणाचीही इतकी मेहनत वाया गेलेली बघवत नाही. त्या वर्षांपुढे तीन आठवडे किती होतात, एवढाच माझा हिशेब आहे.

आता मागण्या. सरळ लिहिते.

सरावाचा सांगाडा राहू द्या. आमचा आणि जिथे जिथे असा आहे तिथला. नवी पद्धत पक्की करण्याआधी तो वापरणं हे ऐच्छिक नको, मंजुरीच्या कागदावर त्याची ओळ हवी, आणि त्या ओळीवर सही फिटरची हवी. पर्यवेक्षकाची चालणार नाही.

त्या चाचणीत फक्त जोडू नका. जोडलेलं उघडायला लावा, एक रिव्हेट बिघडवून बदलायला लावा, परत मिटायला लावा. शक्य असेल तर हे काम दुरुस्तीच्या शेडमधल्या माणसाकडून करून घ्या, ज्याने तुमचं यंत्र कधी पाहिलेलं नाही.

यंत्र जिथे पोचत नाही त्या जागांची यादी शोधाबरोबर द्या आणि त्या जागांना हाताचा वेळ धरा. उघडणं आणि बर्र काढणं धरून. त्याच यादीत कंपनं आणि धूळ यांची मोजणीही असू द्या. त्या कोपऱ्यांतली, हॉलच्या मध्यातली नको.

फट ओढून मिटवली तर ते लिहायला जागा द्या, आणि लिहिणाऱ्याला शिक्षा होणार नाही हे आधी जाहीर करा. आज लिहायला जागाच नाही.

पेटंटचा अर्ज भरण्याआधी ज्या शॉपमध्ये ते साधन पहिल्यांदा चाललं तिथे येऊन विचारा की हे कुणी केलं. अर्ध्या तासाचं काम आहे. आणि त्या बारच्या बाबतीत नावांची यादी तपासून दुरुस्त करा. दुरुस्तीची सोय कायद्यात आहे.

शेवटची मागणी अभियंत्यांपैकी तरुणांना, आणि ती विनंती आहे. एकदा झडपेतून आत या. एक संपूर्ण शिफ्ट, बार घेऊन. मी बाहेर गन धरीन. टकटक कशी करायची ते पाच मिनिटांत शिकवते.

नोटिशीप्रमाणे सांगाडा या महिन्याच्या अखेरीस हलवायचा आहे. तो सध्या मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे, शेवटच्या चाचणीचे क्लेको अजून त्यात तसेच लागलेले आहेत. उत्तर त्याआधी आलं तर बरं. शॉपमधल्या नोटीस बोर्डावर लावलंत तरी चालेल.

आपली,
पंखाच्या आतल्या बाजूची एक फिटर